जळगावच्या उन्हाळ्यात जर्बिल तगतील का? आणि मिळतात कुठे?

गिरणाकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, तिला जर्बिल पाळायचे आहेत. कुत्रं आमच्या आईला घरात चालत नाही, ससा तिने मैत्रिणीकडे पाहिला आहे पण तो नको म्हणते, आणि हॅमस्टर रात्रभर फिरतो नि दिवसभर झोपतो म्हणून तोही नको. जर्बिलबद्दल तिने बरंच वाचलंय. उंदरासारखा, मूळ मंगोलिया आणि उत्तर चीनकडचा प्राणी, लघवी अगदी थोडी करतो म्हणून वास येत नाही, दिवसाही जागा असतो, जोडीने राहतो. मला प्राणी आवडला. पण जळगावात विचारलं तर दुकानदार पांढरे उंदीर नाहीतर हॅमस्टर दाखवतात. दुसरी काळजी त्याहून मोठी आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ला टेकतो. आमच्याकडे हॉलमध्ये कूलर आहे, एसी फक्त आईच्या खोलीत. एवढ्या जिवाला आणून उन्हाळ्यात हाल करायचे नाहीत. कोणी खानदेशात पाळलेत का?

लोको_भुसावळ
वाळवंटातला प्राणी म्हणजे ऊन सोसणारा, ही समजूत आधी काढून टाका. तिकडच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली तीस-चाळीस अंश जातो आणि उन्हाळ्याच्या दुपारी हे जीव बिळात खोल बसलेले असतात. बिळात ना ऊन, ना झळ. तुम्ही त्याला काचेच्या टाकीत दोन इंच भुशावर ठेवलंत तर खाली जायला जागाच उरत नाही. वीस ते चोवीस अंशांत तो खुशीत असतो. तिशी ओलांडली की सुस्तावतो, आणि भुसावळच्या मेमध्ये पंख्याखाली ठेवून भागणार नाही हे लिहून घ्या.

पांझरेचा_पोऱ्या
भाऊ, आमना वावरमा शेकड्यानी फिरतस, या अन् धरी लई जा! पैसाबी नको 😄

सातपुडा_पायथा (यावल)
वरचा प्रतिसाद गमतीत असला तरी त्यात तथ्य आहे. आपल्या शेतात जो लांब शेपटीचा, मोठ्या डोळ्यांचा, टुणटुण उड्या मारत पळणारा उंदीर दिसतो, त्यातला एक खरोखरच जर्बिल आहे. टटेरा इंडिका हे त्याचं शास्त्रीय नाव. मंगोलियनपेक्षा बराच मोठा, शेपूट अंगाहून लांब, दोन्ही कडांना काळसर पट्टा आणि टोकाला केसांचा झुपका. संध्याकाळनंतरच बाहेर पडतो. बांधावर, माळावर, बाभळीच्या मुळाशी त्याची बिळं असतात. बिळाच्या तोंडाशी ताजी माती आणि धान्याची फोलपटं दिसली तर आत कोणीतरी आहे असं समजा. मी दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) शेतात बॅटरीच्या उजेडात पाहिलाय. मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या दोन पायांत कणीस धरून दाणा सोलत होता, आणि मी जरा हललो तर मागचा पाय जमिनीवर आपटून नाहीसा झाला. हे पाय आपटणं म्हणजे बाकीच्यांना इशारा. मंगोलियनही असाच आपटतो.

पण धरून आणू नका, हे हात जोडून सांगतो. रानातला प्राणी पिंजऱ्यात रुळत नाही, चावतो, आणि अंगावर पिसवा असतात. शिवाय आपल्याकडची गव्हाणी घुबडं, पिंगळे, कोल्हे यांचं ते अन्न आहे. रब्बीत बांधावर पक्षीथांबे लावले तर घुबडं आपोआप येतात आणि झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकायची गरज कमी पडते. विषय भरकटला, पण उंदीर म्हटलं की विष, एवढंच आपल्याकडे शिकवलं जातं याचं वाईट वाटतं.

तात्या_अमळनेर
माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. १९९४ साली सुरतेत प्लेग आला तेव्हा आमचे अर्धे भाऊबंद उधना-लिंबायतमध्ये कामाला होते. सप्टेंबरच्या शेवटी सुरत-भुसावळ गाड्यांना माणसं लटकून गावाकडे आली. गावात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनात. तोंडाला रुमाल बांधून लोक स्टेशनवर पाहुणे शोधत होते. त्याआधी बीड जिल्ह्यातल्या मामल्याला गाठीचा प्लेग निघालाच होता. हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला घरात हौसेने उंदीर आणायची कल्पना सहन होत नाही. मुलीला चित्रकला शिकवा, सायकल द्या. उंदीर कशाला?

डॉ_गोठा (पशुवैद्यक, चाळीसगाव)
तात्या, तुमची भीती खोटी नाही. आपल्या शेतातला जर्बिल प्लेगच्या जंतूंचा रानातला साठा मानला जातो, मध्य आशियातल्या मोठ्या जर्बिलवर तर प्लेगच्या संदर्भात भरपूर अभ्यास झालाय. पण प्लेग मुख्यतः उंदराच्या अंगावरच्या पिसवांमधून पसरतो. पाळीव मंगोलियन जर्बिल पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले आहेत. १९३५ साली जपानी लोकांनी अमूर नदीच्या खोऱ्यात वीस जोड्या पकडल्या, त्यांच्या वंशातले काही १९५४ साली अमेरिकेत गेले, आणि जगभरातले बहुतेक पाळीव जर्बिल त्याच वंशावळीतले. अशा पिंजऱ्यातल्या प्राण्यापासून प्लेगचा धोका जवळपास नाही. हात साबणाने धुणं, पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात न देणं, टाकीपाशी बसून न जेवणं, एवढं पाळलं की झालं. घरात शेतातले उंदीर येत असतील तर टाकीला घट्ट जाळीचं झाकण हवंच, कारण धोका बाहेरून आत येतो.

म्हणून सातपुडांना माझा पूर्ण दुजोरा. रानातला जर्बिल कोणी घरात आणू नये.

तात्या_अमळनेर
डॉक्टर, समजलं. भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही, पण पिसवांचं माहीत नव्हतं.

जिनिंगवाली (धरणगाव)
जर्बिलला घरटं करायला मऊ काहीतरी लागतं ना? आमच्या जिनमध्ये सरकी काढलेला स्वच्छ कापूस आहे. ताईसाठी पोतंभर पाठवते, पैसे नकोत.

शेपटीवाले (मूळ दोंडाईचा, सध्या पुणे)
जिनिंगवाली ताई, तुमचं मन मोठं आहे, पण कापूस अजिबात नको! त्याचे तंतू पायाला, बोटांना गुंडाळतात, रक्त थांबतं आणि पाय काळा पडतो. गिळला तर आतड्यात अडकतो. बाजारात ‘हॅमस्टर बेडिंग’ म्हणून विकतात तो मऊ कापूससुद्धा तसलाच.

माझ्याकडे बरीच वर्षं जर्बिल आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाकी आधी, प्राणी नंतर. तारेचा पिंजरा चालत नाही. तारा कुरतडून नाकाला जखमा होतात आणि भुसा सगळा बाहेर उडतो. मासे ठेवायची काचेची टाकी घ्या, लांबी तीन फुटांच्या आसपास, उंची दीड फूट. मत्स्यालयवाले मापाने करून देतात. गळकी टाकी असली तरी चालते, त्यामुळे स्वस्तात मिळते. वर तारेच्या जाळीचं झाकण. प्लास्टिकचं काहीही आत ठेवलंत तर आठवड्यात चुरा होईल.

आत निदान आठ-दहा इंच थर हवा, अर्धी टाकी भरली तर फारच छान. वखारीतला भुसा नको, त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाते. कागदाचे बारीक कातरण (छापील शाईचे नव्हे), त्यात वाळलं गवत आणि पुठ्ठ्याचे तुकडे मिसळा. नुसत्या कागदात बीळ ढासळतं, गवतामुळे त्याला आधार येतो. थर हाताने दाबून घ्यायचा. सोडल्यावर पहिल्या रात्रीच बोगदे सुरू होतात, आणि काचेला लागून बोगदा गेला की आतली खोली दिसते. पुढचे पाय माती मागे ढकलतात, मागचे पाय ती उडवतात, मग वळून डोक्याने आणि छातीने ढिगारा बाहेर लोटतात. लेक तासन्‌तास बघत बसेल.

साडीच्या दुकानात कापडाचे तागे ज्यावर गुंडाळतात त्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या मागून आणा. याहून आवडतं खेळणं माझ्या पाहण्यात नाही. चाक द्यायचं तर भरीव पृष्ठभागाचं, आठ इंचांहून मोठं. दांड्यांच्या चाकात पाय आणि शेपूट अडकते.

शेपटीला कधीही धरायचं नाही. पकडून उचललं तर शेपटीची कातडी सोलून निघते आणि ती परत येत नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून खालून उचला. काही जर्बिलना अचानक उचलल्यावर झटके येतात. कान मागे जातात, अंग कापतं. घाबरू नका, शांत जागी ठेवा, मिनिटा-दोन मिनिटांत सावरतात.

एकटा ठेवू नका. दोन बहिणी किंवा दोन भाऊ, एकाच वेतातले. अनोळखी मोठे एकत्र सोडले तर एकमेकांना मारतात. नर-मादी ठेवलीत तर पंचवीस दिवसांत चार-सहा पिल्लं, आणि ती जन्मताच मादी पुन्हा गाभण. दुकानदाराच्या ‘दोन्ही माद्या आहेत’वर विसंबू नका, डॉक्टरांकडून तपासून घ्या. आयुष्य तीन-चार वर्षं. म्हणजे आत्ता आठवीतली लेक बारावीला येईपर्यंत.

बारावी_म्हटलं_की
शेवटचं वाक्य वाचून छातीत धस्स झालं 😀 बारावीची परीक्षा आणि जर्बिलचं म्हातारपण एकाच वर्षी.

शेपटीवाले
हसू आलं, पण हा विचार खरंच करा. परीक्षेच्या वर्षी टाकी साफ कोण करणार हे आत्ताच ठरलेलं बरं.

भरीत_पार्टी (फैजपूर)
खायला काय? आमच्याकडे हिवाळ्यात भरताला तोटा नाही 🙂

शेपटीवाले
भरीत माणसांसाठी राहू द्या, तेल-मिरची त्यांना वर्ज्य. खानदेशात खाणं अगदी सोपं आहे. दादर, बाजरी, राळे, वरई, थोडा वाळका मका, अधूनमधून वाटाण्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. सूर्यफुलाच्या बिया मोजक्याच. त्यांना त्या फार आवडतात, वाटीभर दिल्या तर फक्त त्याच वेचून खातात आणि लठ्ठ होतात. धान्य वाटीत न देता थरावर विखरून टाका, शोधायला मजा येते. कमी पाणी पितात म्हणून पाणी काढू नका, बाटली रोज बदलायची.

वाळूची आंघोळ मात्र हवीच. बारीक पूड नको. नदीची वाळू चाळून, धुऊन, कढईत खरपूस तापवून गार करा आणि एका काचेच्या भांड्यात ठेवा. लोळून अंगावरचं तेल काढतात.

लोको_भुसावळ
आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कूलर. माझ्या भाच्याने इथे दोन नर पाळलेत, त्यांचा उन्हाळा मी जवळून पाहिलाय. कूलरमुळे खोली सात-आठ अंशांनी गार होते हे खरं. पण कूलर ओलावा सोडतो. जर्बिलला पन्नास टक्क्यांच्या वर आर्द्रता मानवत नाही. केस चिकट होऊन उभे राहतात, अंग ओलसर दिसतं, नाकाभोवती लाल होतं. भाच्याने शंभर-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक टाकीवर लावला. कूलर बंद असताना काटा इतका खाली की ओठ फुटावेत, आणि खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात काटा साठच्या पुढे.

पांझरेचा_पोऱ्या (धुळे)
खिडक्या लावून कूलर चालवतंच कोण? समोरची खिडकी उघडी पाहिजे, हवा आरपार गेली पाहिजे. आमच्याकडे दार उघडं ठेवलं तर आर्द्रता चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या वर जात नाही. गंमत सोडून सांगतो, मेमधल्या कोरड्या हवेत कूलर चालतो. अडचण जूनमध्ये येते, पाऊस पडेपर्यंतचे ते दमट दिवस. तेव्हा कूलर ना माणसाला उपयोगी ना उंदराला.

लोको_भुसावळ
मान्य. आमचं घर चाळीत, आरपार हवाच नाही, म्हणून फरक पडला असेल. तुमचं मत बरोबर वाटतं. पण झोत थेट टाकीवर नको, हे तरी एकमताने लिहू.

पांझरेचा_पोऱ्या (धुळे)
एकदम कबूल.

धाब्याचं_घर (पारोळा तालुका)
आमचं जुनं घर धाब्याचं आहे, दोन फुटांची भिंत, वर खारी माती. भर दुपारी मधल्या खोलीत बाहेरच्यापेक्षा इतका फरक असतो की पाहुणा आत येऊन ‘हुश्श’ म्हणतो. तुमच्या फ्लॅटमध्ये ते जमणार नाही, पण सगळ्यात आतली, पश्चिमेची भिंत नसलेली खोली निवडा. वरचा मजला असेल तर गच्चीवर चुना मारून घ्या. टाकी जमिनीवर ठेवा, टेबलावर नको, आणि आत एक शहाबादी फरशीचा तुकडा. दुपारी त्यावर पोट टेकून पसरतील. माठ भरून टाकीच्या शेजारी ठेवा, आत नाही.

डॉ_गोठा
धाब्याचं घर यांनी फार उपयोगी सांगितलं. अजून दोन गोष्टी जोडतो. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून टाकीच्या बाहेर, काचेला टेकवून ठेवता येते, लोडशेडिंगच्या वेळी तेवढा आधार पुरतो. आणि जर्बिल आडवा पडून जोरजोरात श्वास घेऊ लागला, लाळ गळू लागली, उचलल्यावर ढिला वाटला तर ऊन बाधलंय. गार खोलीत न्या, पाय आणि कान साध्या गार पाण्याच्या बोटाने ओलसर करा, पाणी समोर धरा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्याने धक्का बसून जीव जातो. मग लगेच डॉक्टर. आमच्यापैकी बहुतेकांचा हात गाई-म्हशी, शेळ्या, कुत्र्यांवर बसलेला आहे, त्यामुळे प्राणी आणायच्या आधीच आपल्या गावातल्या डॉक्टरांना विचारून ठेवा की लहान कुरतडणारे प्राणी पाहाल का. कठीण प्रसंगी पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलून उपचार करता येतो.

केळीबाग_रावेर
शेतातल्या घरी ठेवणार असाल तर धामणीचा विचार करा. आमच्या पाहुण्यांकडे पांढरे उंदीर होते. वासावर धामण आली आणि टाकीभोवती वेटोळं घालून बसली. झाकण घट्ट होतं म्हणून उंदीर वाचले. बिनविषारी आहे, मारू नका म्हणून किती समजावलं तेव्हा सर्पमित्र बोलावला.

चोपड्याची_लेक
मिळण्याबद्दल माझा अनुभव. एका शहरातल्या दुकानाने ‘जर्बिल’ म्हणून ऑनलाइन फोटो टाकला, आगाऊ पैसे मागितले, आणि प्रत्यक्षात बुटका हॅमस्टर होता. ओळख सोपी आहे. जर्बिलला अंगाएवढी लांब, केसाळ आणि टोकाला झुपका असलेली शेपूट असते. हॅमस्टरला नावापुरती. उंदराला लांब पण जवळपास बिनकेसाची. आगाऊ पैसे देऊ नका, त्याच वेळी व्हिडिओ कॉल करून प्राणी चालताना-फिरताना पाहा.

शेपटीवाले
मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये कधीकधी दिसतात, पण तिथली गर्दी, उन्हात टांगलेले पिंजरे पाहून माझा जीव कासावीस होतो, तिथून घ्या असं सांगवत नाही. पुण्या-मुंबईत घरी पिल्लं वाढवणारे हौशी लोक आहेत, ते आईबाप दाखवतात. दुकानातून घेणार असाल तर २०१८च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का विचारा, पावती घ्या. परिवेश या सरकारी संकेतस्थळावरची नोंदणी ‘साइट्स’च्या (धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी प्राण्यांना लागते, मंगोलियन जर्बिल त्या यादीत नाही. आपल्याकडचे पोपट, खार, स्टार कासव मात्र पाळणं बेकायदा, हे लेकीलाही सांगून ठेवा.

माळरान (नंदुरबार)
इतकं सगळं वाचून मला उलट वाटतंय की पाळूच नये. एसी, आर्द्रतामापक, गोठवलेली बाटली... ज्या प्राण्याला इथे जगवायला एवढी उठाठेव लागते तो आणायचाच कशाला? सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहा, आपल्या मातीतले प्राणी आहेत. माझं कोणावर बोट नाही, मनापासून वाटलं ते लिहिलं.

शेपटीवाले
तुमचा मुद्दा मला गंभीर वाटतो. माझं उत्तर एवढंच, की गार खोली नसेल तर आणू नये. असेल, आणि ती वर्षातून तीन महिने त्यांना द्यायची तयारी असेल, तर त्यांचे हाल होत नाहीत.

गिरणाकाठ (जळगाव)
सगळ्यांचे आभार. घरात बसून चर्चा केली. आईला विचारलं, टाकी तुझ्या एसीच्या खोलीत चालेल का. तिने आधी नाही म्हटलं, मग दोन प्रश्न विचारले: वास येतो का, आणि रात्री आवाज करतात का. वास नाही हे सांगितलं. आवाजाबद्दल लेकीने खरं सांगितलं, पुठ्ठा कुरतडल्याचा येतो. ‘एप्रिल ते जून, तेवढंच,’ असं ठरलंय. आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी) घाईघाईने आणायचे नाहीत. आत्ता टाकी करून घेतो, थर भरून ठेवतो, उन्हाळाभर त्या खोलीतलं तापमान आणि आर्द्रता वहीत लिहायचं काम लेकीकडे. आकडे ठीक आले तर दिवाळीनंतर पुण्याला स्वतः जाऊन दोन बहिणी आणू. आकडे वाईट आले तर नाही.

एक विचारायचं राहिलं. एसी २६वर चालतो, रात्री बारानंतर आई बंद करते. मग खोली पहाटेपर्यंत तिशीला जाते. हे चालेल?

डॉ_गोठा
आईंनी बंद केल्यावर पंखा आणि कापडात गुंडाळलेली बाटली. थर दहा इंच असेल तर खालच्या बिळात त्याहून गार असतं. तापमापकाची एक नळी थरात खोल रोवा आणि वरचा-खालचा दोन्ही आकडे लिहा. खालचा आकडा तिशीच्या आत राहिला तर चालेल.

जिनिंगवाली (धरणगाव)
कापूस नाही तर नाही, आमच्याकडे पुठ्ठ्याच्या नळ्या पण निघतात. पत्ता मेसेजमध्ये पाठवा.